नदीच्या घाणीची मर्यादा कोणी ठरवायची?

पाणी किती घाण असलेले चालेल, हा प्रश्न ऐकावयास चमत्कारिक वाटतो. त्याचे सभ्य उत्तर ‘मुळीच नाही’ असेच असावयास हवे. परंतु कोटीहून अधिक माणसांच्या शहरात हा प्रश्न टाळता येत नाही, आणि सरकार तो टाळतही नाही. कारखान्याच्या नळीतून, महापालिकेच्या प्रक्रिया केंद्रातून दर लिटर पाण्यामागे किती मिलिग्राम घाण बाहेर सोडण्यास मुभा आहे, याचे आकडे ठरलेले आहेत. ते राजपत्रात छापून येतात आणि तज्ज्ञांचे आकडे म्हणून निमूटपणे मान्य होतात. २०११च्या जनगणनेप्रमाणे मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक माणसे राहत होती. त्यांच्या दारावरून मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या नद्या वाहतात. पूर्वेकडे घाटकोपर, भांडुप, मुलुंडचे नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. या पाण्यात किती घाण खपवून घ्यावयाची हे ठरविताना त्या ९३ लाखांपैकी कोणालाही कोणी विचारले नाही.

हा आकडा शास्त्रीय असतो, असा एक सोयीस्कर समज आहे. शास्त्र इतके सांगू शकते की, पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना जीवाणू किती प्राणवायू खातील. या मापाला ‘बीओडी’ म्हणतात. ते जितके अधिक, तितका माशाला श्वास घेण्यासाठी उरलेला प्राणवायू कमी. अमुक बीओडीला मासा जगेल आणि तमुकला मरेल, येथवर शास्त्राची हद्द आहे. मासा जगवावयाचा की नाही, हे शास्त्र ठरवीत नाही. ते कोणीतरी माणसे ठरवितात, आणि ती माणसे कोण, हा सरळ सरळ सत्तेचा प्रश्न आहे.

याचा एक धडधडीत दाखला अलीकडचाच आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी लिटरमागे १० मिलिग्रामपेक्षा अधिक नसावी, असा मसुदा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१५मध्ये काढला. ऑक्टोबर २०१७मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा महानगरांसाठी हा आकडा २० झाला होता आणि इतरत्र ३०. पुढे एप्रिल २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने महानगरांसाठी तो पुन्हा १० वर आणण्याचा आदेश दिला. चार वर्षांत १०चे २० आणि २०चे १० झाले. या काळात जीवाणूंनी आपला आहार बदलला होता असे नव्हे. या दोन आकड्यांतील अंतर कागदावर क्षुल्लक दिसते. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील ज्या सात नव्या केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३मध्ये झाले, त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आहे. २०च्या हिशेबाने त्यांतून रोज सुमारे ४९ टन बीओडीचा बोजा समुद्रात आणि खाड्यांत जाईल, १०च्या हिशेबाने सुमारे साडेचोवीस टन. रोजच्या साडेचोवीस टनांचा हा निर्णय दिल्लीत मंत्रालय आणि लवाद यांच्यामध्ये झाला. वर्सोव्याच्या किंवा मढच्या कोळीवाड्यात त्याची वार्ताही पोहोचली नसेल.

नदीपुरती मर्यादा ठरविण्याची रीत आणखी मौजेची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील गोड्या पाण्याचे उपयोगाप्रमाणे पाच वर्ग पाडले आहेत. निर्जंतुक करून पिण्याजोगे पाणी पहिल्या वर्गात, आंघोळीचे दुसऱ्या, प्रक्रियेनंतर पिण्याचे तिसऱ्या, मासे आणि वन्यजीव यांचे चौथ्या, शेती व कारखान्यांचे पाचव्या. पाण्याचे अनेक उपयोग असल्यास त्यांतील सर्वांत शुद्ध पाणी मागणारा उपयोग धरावा, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण उपयोग कोणाचा, हे पाहण्यासाठी नदीकाठी कोण जातो? सप्टेंबर २०१८मध्ये हरित लवादाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे आंघोळीलायक करण्याचा आदेश राज्यांना दिला. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. पवई ते धारावी हा मिठीचा पट्टा अगदी वरच्या श्रेणीत होता. तेथे बीओडी २५० मिलिग्रामपर्यंत नोंदली गेली होती. आंघोळीसाठी ती ३ असावी लागते. आता साकीनाका, जरीमरी वा कुर्ल्याच्या क्रांतीनगरात जाऊन विचारावे की, मिठीत आंघोळ करावयाची कोणाची इच्छा आहे? तेथील बाई सांगेल की, आंघोळीचे राहू द्या, जुलै महिन्यात हे पाणी घरात शिरते तेवढे थांबवा. आणि शिरलेच, तर निदान त्यात मैला नसू द्या.

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्यात एक वेगळी, काटेकोर आणि मोजता येण्याजोगी मर्यादा दडलेली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचे पाणी घराघरांत गेले. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. पूररेषेत राहणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते पावसाळ्यातील मलजंतूंचे प्रमाण आणि मुसळधार पावसात गटारे भरून वाहू लागली म्हणजे नदीत उतरणारा मैला. वर्षाकाठच्या बीओडीच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही. कोळ्याला विचारले तर तो तिसरेच काही सांगेल. त्याला विरघळलेला प्राणवायू हवा, अमोनिया नको, तेलाचा तवंग नको. आणि मासळी खाडीत अंडी घालावयास येते त्या महिन्यांत तर मुळीच नको. दहिसर नदीकाठच्या धोब्याची गरज चौथी आणि आरेतील पाड्यांत राहणाऱ्या आदिवासींची पाचवी. नदी एक, पण तिच्याकडून असलेल्या अपेक्षा अनेक. त्या विचारल्यावाचून काढलेली मर्यादा शास्त्रीय दिसत असली तरी ती आंधळी असते.

शिवाय सरकारी आकडे एकमेकांशीही जुळत नाहीत. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघणाऱ्या दहिसर आणि पोईसर, आरेच्या बाजूने येणारी ओशिवरा, यांना पावसाळा सरल्यावर स्वतःचे असे पाणी जवळजवळ राहत नाही. मिठी तर विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर जन्मलेली. तलाव भरून वाहावयाचे थांबले की तिच्या पात्रात उरते ते शहराने वापरून टाकलेले पाणी. ज्या नदीत सांडपाण्यात मिसळावयास दुसरे पाणीच नाही, तिच्यात उद्या १० मिलिग्रामचे प्रक्रिया केलेले पाणी सोडले तरी नदी १०च्याच आसपास राहणार. आंघोळीचे ३ कोठून येणार? अमेरिकेने १९७२च्या कायद्यात यासाठी निराळा मार्ग धरला. नळीच्या तोंडाशी मर्यादा घालून जेथे भागत नाही, तेथे नदी एका दिवसात एकंदर किती घाण पचवू शकेल हे आधी काढावयाचे, आणि मग तो बोजा वरपासून खालपर्यंतच्या सर्व स्रोतांत वाटून द्यावयाचा. आपल्याकडे पाणलोट क्षेत्र धरून असा हिशेब करण्याची सवय नाही. तो केला तर वाटणीचा प्रश्न उघडपणे समोर येईल, हेही त्याचे एक कारण असावे.

कारण वाटणी आजही होतच आहे, फक्त ती बोलून दाखविली जात नाही. नदी स्वच्छ करावयाची ठरली की पहिला घाला नेहमी कोणावर पडतो हे उपनगरवासीयांना पाठ झाले आहे. तबेले हटवा, धोबीघाट हटवा, कुर्ल्याच्या बैलबाजाराकडचे पिंपे धुणारे आणि भंगारवाले हटवा, काठावरच्या झोपड्या हटवा. यांपैकी कोणी घाण करीत नाही असे नाही. तबेल्याचे शेण नदीत जाते आणि पिंपातले तेल व रसायन तर शेणाहून घातक असते. परंतु या सर्वांची बेरीज केली तरी नदीत येणाऱ्या घाणीचा मुख्य ओघ शहराच्या घरगुती सांडपाण्याचा आहे, आणि त्यात उंच इमारतींचा वाटा झोपडीपेक्षा दरडोई अधिक आहे. कारण ज्याला अधिक पाणी मिळते तोच अधिक सांडतो. २००५च्या पुरानंतर काठावरील हजारो झोपड्या गेल्या, काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या. विमानतळाची धावपट्टी मात्र होती तेथेच राहिली. तिच्यासाठी वळविलेली मिठी आजही काटकोनात वळते, आणि वांद्रे-कुर्ला संकुल तिच्याच दलदलीवर भराव घालून उभे आहे.

गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. उपनगरांतील वस्त्यांना नळ मिळावा म्हणून हंडे घेऊन निघालेल्या मोर्चांनी जे मिळविले ते थोडे नव्हे. आज मुंबईला दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. अभियंते असे धरतात की, पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. नळापर्यंतचा लढा समाजवाद्यांनी लढविला. मोरीपलीकडचा लढा मात्र त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत फारसा आला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत अभियंते, ठेकेदार व लवाद बसले. वरळी आणि वांद्र्याच्या सांडपाण्यासाठी तीन किलोमीटरहून अधिक लांबीची बोगदावजा नळी समुद्रात गेली. मालाडचे सांडपाणी वर्षानुवर्षे केवळ चाळून, जाड गाळ काढून मालाडच्या खाडीत सोडले गेले. खाडीच्या मुखाशी वर्सोवा आणि मढ आहेत. एका भागाला खोल समुद्र आणि दुसऱ्याला कोळ्याची खाडी, ही वाटणी कोणत्या सभेत मंजूर झाली होती?

कायद्याकडे पाहावे तर तो बोलावयास जागा देतो, पण ती उशिरा. १९७४चा जलप्रदूषण कायदा महाराष्ट्राने १९८१मध्ये लागू केला. त्याआधी राज्याचा स्वतःचा १९६९चा कायदा होता आणि त्याखाली १९७०मध्ये राज्य मंडळही स्थापन झाले होते. १९८८च्या दुरुस्तीनंतर साठ दिवसांची सूचना देऊन कोणाही नागरिकास प्रदूषकाविरुद्ध न्यायालयात जाता येते. म्हणजे मर्यादा मोडल्यावर फिर्याद करण्याचा हक्क आहे. मर्यादा ठरताना तोंड उघडण्याचा नाही. राज्य मंडळावर शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार किंवा अन्य हितसंबंध यांच्या वतीने तीनपर्यंत अशासकीय सदस्य नेमता येतात, असे कलम ४ सांगते. मासेमारीचा उल्लेख कायद्यात अक्षरशः आहे. पण सगळ्यांना मिळून तीन खुर्च्या, आणि नेमणूक सरकारच्या मर्जीने. मग त्या खुर्च्यांवर कारखानदार बसणे जितके सोपे, तितके कोळीण बसणे अवघड. हरित लवादाने २०१८मध्ये प्रत्येक राज्यात जी नदी पुनरुज्जीवन समिती नेमावयास लावली, तिच्यात पर्यावरण, नगरविकास आणि उद्योग या खात्यांचे संचालक आणि प्रदूषण मंडळाचे सदस्य सचिव असे चार अधिकारी आहेत. नागरिक एकही नाही. भर म्हणून २०२२च्या मार्चपासून २०२५ संपेपर्यंत मुंबई महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते; सात केंद्रांचे सुमारे १७ हजार कोटींचे काम मार्गी लागले ते प्रशासकाच्या सहीने. लोकसहभाग अगदीच नव्हता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१८मध्ये मुंबईच्या नद्यांवर एक गाणे निघाले होते आणि त्यात मुख्यमंत्री व पालिका आयुक्त स्वतः झळकले होते.

लोकांच्या पसंतीचा विचार व्हावा असे म्हणणारा एक वर्ग अर्थशास्त्रज्ञांतही आहे, आणि त्याच्यापासून सावध राहिले पाहिजे. तो पसंती मोजतो पैशांत. स्वच्छ नदीसाठी तुम्ही महिन्याला किती रुपये द्याल, असे घरोघर विचारावयाचे आणि उत्तरांची बेरीज ती नदीची किंमत धरावयाची. पवईच्या उंच इमारतीतील गृहस्थ खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी पाचशे सांगेल. त्याच तलावाखालच्या वस्तीतील बाई, जिची मुले त्या पाण्याने आजारी पडतात, वीस सांगेल, कारण तिच्याजवळ वीसच आहेत. हिशेबात नदी गृहस्थाची होते. ज्याच्या खिशात अधिक, त्याची इच्छा वजनदार, या बाजाराच्या नियमाला पसंतीचे गोंडस नाव दिल्याने तो लोकशाही होत नाही. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५०मध्येच दाखविले होते की, उद्योग आपला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलून नफा मिळवितो, आणि ज्यांच्या अंगावर तो पडतो ती माणसे बहुधा भाव करण्याच्या स्थितीत नसतात. ‘हितसंबंधी’ हा शब्दच फसवा आहे. नदीकाठी फिरण्याची जागा आणि देखावा हवा असलेला बिल्डर आणि त्याच नदीच्या मुखाशी जाळे टाकणारा कोळी यांना तो एका रांगेत बसवितो.

याला पर्याय शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठेवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठेवला. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क मिळाला, आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला बंदी झाली. ती वाटणी गावकऱ्यांनी स्वतः मान्य केली होती, म्हणून ती टिकली. जो न्याय पाण्याच्या वाटपाला लागतो तोच घाणीच्या बोजाच्या वाटपालाही लागावयास हवा. दरडोई सांडपाणी ज्याचे अधिक, त्याच्यावर कपातीचा भार आधी आणि अधिक. पिंपे धुणाऱ्याला हटविण्यापूर्वी त्याला सामायिक प्रक्रियेची सोय आणि मुदत. तबेल्याचे शेण नदीत जाऊ नये यासाठी उचलण्याची व्यवस्था, आणि ती झाल्यावर मात्र दंडात सवलत नाही.

लोकांच्या हाती मर्यादा दिली तर ते रोजगाराच्या लोभाने घाणीलाच संमती देतील, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. कारखान्यातील मजूर आणि खाडीतील कोळी यांची गरज पुष्कळदा परस्परविरुद्ध असते. कधी तर दोघेही एकाच घरातले असतात. म्हणून आरोग्याची आणि जीवसृष्टीची एक खालची पातळी अशी असली पाहिजे, जिच्यावर मतदान होऊ नये. अमुक विषारी धातू, अमुक जंतू एवढ्यापुढे नाहीत, हे डॉक्टरांनी आणि रसायनतज्ज्ञांनी सांगावे, आणि तेथे कोणाच्याही पसंतीला वाव नसावा. पण त्या पातळीच्या वर निवडीला मोठी जागा उरते: कोणता पट्टा आधी, कोणत्या महिन्यात किती, खर्च कोणाच्या कराने. आज ही सारी निवड शास्त्राच्या नावाने कचेरीत केली जाते.

ही निवड सोपी असेल अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. ठाण्याच्या खाडीचेच पाहा. तेथे हजारो रोहित पक्षी येतात. २०१५मध्ये खाडी त्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२मध्ये रामसर यादीत गेली. घाटकोपर आणि भांडुपकडून येणाऱ्या सांडपाण्यातील खताने वाढलेले शेवाळ हे या पक्ष्यांच्या गर्दीमागचे एक कारण असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तीच खाडी मासेमाराला मात्र पूर्वीइतके देत नाही. पाणी पुरते स्वच्छ केले तर पक्ष्यांचे काय होईल आणि न केले तर कोळ्यांचे, हा हिशेब एखाद्या मुख्य अभियंत्याने दुपारच्या बैठकीत उरकावा असा नाही. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या खाडीकाठच्या माणसांनी, पक्षितज्ज्ञांनी आणि सांडपाणी सोडणाऱ्या पालिकेने एकमेकांसमोर बसून तो करावा लागेल, आणि पहिल्या बैठकीत भांडणही होईल. ते होऊ द्यावे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जलप्रदूषण कायद्याच्या ९व्या कलमाखाली मंडळाला समित्या नेमता येतात आणि त्या समित्यांत मंडळाबाहेरची माणसे घेता येतात, किंबहुना समिती सबंध बाहेरच्या माणसांची असू शकते. राज्य मंडळाने मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर आणि ठाणे खाडीचा पूर्व उपनगरी पट्टा यांसाठी खोरेनिहाय पाच समित्या नेमाव्यात. त्यांत निम्म्याहून अधिक जागा काठावर राहणाऱ्या आणि त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसांना द्याव्यात, आणि नदीचा एकूण बोजा व त्याची वाटणी यांवर समितीचे मत घेतल्याशिवाय कोणताही आकडा पक्का करू नये. समितीचे मत डावलावयाचे असेल तर मंडळाने कारणे लेखी द्यावीत. प्रत्येक प्रक्रिया केंद्राला सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती लागते आणि ती ठरावीक मुदतीची असते. संमतीच्या अटींची नोंदवही हितसंबंधी माणसाला पाहण्यास खुली असावी, असे २५वे कलम आजही सांगते. ती नोंदवही कधी कोणी पाहिली आहे का, हे मंडळानेच सांगावे.

सात केंद्रांपैकी प्रत्येकाच्या संमतिपत्रावर बीओडीचा, अमोनियाचा आणि मलजंतूंचा आकडा लिहिला जाण्यापूर्वी, आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणापूर्वी, त्या त्या खोऱ्यात जाहीर सुनावणी व्हावी. तिचे कागद पंधरा दिवस आधी मराठीत आणि वस्तीच्या भाषेत मिळावेत. वर्सोव्याची सुनावणी होड्या किनाऱ्याला लागल्यानंतर ठेवावी, कुर्ल्याची कारखान्यांची पाळी सुटल्यानंतर, आणि मिठीकाठची निदान एक तरी भर पावसाळ्यात.